बांधावरचे तण आणि धर्मगुरूंची दृष्टी

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की साखरखेर्ड्याच्या शिवारात बांधाबांधावर तरोटा आणि केना उगवू लागतो. शेतकऱ्याच्या हिशेबी ते तण. शाळेला निघालेल्या शिक्षकाच्या किंवा कचेरी गाठणाऱ्या कारकुनाच्या लेखी तर ते नसल्यातच जमा. ज्याला बाजारभाव नाही, त्याच्याकडे पाहण्यास सवड कोणाला? परंतु अशाच उपेक्षित वनस्पतींच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचणारे ख्रिस्ती धर्मगुरू महाराष्ट्रात होऊन गेले. धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर गृहीत धरणाऱ्यांनी त्यांच्या कार्याकडे अवश्य पाहावे.

स्वित्झर्लंडमधून आलेले जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात सुमारे दोन लाख नमुने आहेत. त्यांची परंपरा स्पेनमध्ये जन्मलेल्या फादर सांतापाव यांनी पुढे नेली. खंडाळ्याचे डोंगर पायी तुडवून सिद्ध केलेला त्यांचा वनस्पतिग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये ‘पद्मश्री’ने सन्मानित झाले.

या परिश्रमांमागील प्रेरणा केवळ विद्वत्तेची नव्हती. सर्व वस्तूंत ईश्वराचा शोध घ्यावा, ही जेझुइट साधनेची शिकवण. येशूनेही श्रोत्यांचे लक्ष राजवैभवाकडून रानफुलांकडे वळविले होते. सृष्टी ही ईश्वराची कृती मानली, म्हणजे तिच्यातील कोणतेही पाते क्षुद्र उरत नाही. आणि तिच्याविषयी निष्काळजीपणे बोलणे हाही अपराध ठरतो.

वनस्पतिसंग्रहाची रीतच पाहावी. रोप टिपकागदांत दाबून सुकवितात, जाड कागदावर बसवितात आणि शेजारी स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव नोंदवितात. नाव चुकल्याचे पुढील अभ्यासकास आढळले, तर तो जुनी चिठ्ठी फाडून टाकीत नाही. शेजारीच दुरुस्तीची नवी चिठ्ठी डकवितो. चूक लपवायची नाही आणि दुरुस्तीस नकार द्यायचा नाही, ही शिस्त जितकी विज्ञानाची, तितकीच प्रामाणिक श्रद्धेची.

याचा अर्थ फुलांच्या पाकळ्या मोजून ईश्वर सिद्ध करता येतो, असा नव्हे. ख्रिस्ती मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पुरावा म्हणून मांडली ती झाडांची मोजदाद, धर्मवचने नव्हेत. श्रद्धेने निरीक्षणाची चिकाटी द्यावी, निष्कर्ष मात्र निरीक्षणानेच द्यावा. ही मर्यादा ओलांडली की विज्ञानाचीही हानी होते आणि श्रद्धेचीही.

आपल्या शाळांतून वनस्पतिशास्त्र बहुधा फळ्यावरील आकृतीत आणि परीक्षेतील गुणांत संपते. साखरखेर्ड्यातील विद्यार्थ्याला पुस्तकातील वनस्पतींची शास्त्रीय नावे पाठ असतील. पण वाटेवरचा केना त्याने कधी हाती घेऊन निरखला आहे काय? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही. टिपकागद, जुनी वही आणि पाहण्याची आस्था एवढे पुरते. त्या आस्थेला कोणी ईश्वरभक्ती म्हणेल, कोणी जिज्ञासा. बांधावरच्या रोपाला मात्र दोहोंकडून सारखाच न्याय मिळेल.