मामा येऊन राहिले, म्हणजे नेमके कुठे?

पांढुर्णा-सावरगावकडच्या घरात कुणी "मामा येऊन राहिले" म्हणालं, तर मामा अजून वाटेत आहेत असं समजावं. पुण्यात हेच वाक्य ऐकणारा म्हणेल, मामा येऊन मुक्कामही करून गेले. 'राहणे' हे क्रियापद एकच, पण त्यावरून होणारे घोटाळे बरेच.

गैरसमज : 'करून राहिलो' ही मोडकी हिंदी आहे.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार, म्हणजे दोन्ही काठांची एकमेकांवर दगडफेक होते, तेव्हा कोण कुठल्या काठाला राहतो याला भलतंच महत्त्व येतं. १९५६मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. शाळा-कचेरी हिंदीत, घरची बोली नागपुरी-वऱ्हाडी वळणाची. तेव्हा हिंदीच्या 'कर रहा हूँ'ची सावली इथे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'करून'मधला '-ऊन' मराठीचाच आहे, आणि ही रचना नागपूर-अमरावतीतही सर्रास चालते. तिला नियमही आहेत. 'पाऊस येऊन राहिला' म्हणजे आत्ता पडतो आहे. 'पाऊस येत राहिला' म्हणजे थांबलाच नाही. 'येऊन राहिला'चं रूप भूतकाळाचं, अर्थ चालू वर्तमानाचा. नकारही ठरलेला : 'पोरगा ऐकूनच नाही राहिला.' इतकी शिस्त असलेल्या बोलीला मोडकी म्हणणं हा ऐकणाऱ्याचा आळस.

गैरसमज : 'तो कुठी राह्यते?' यात लिंग चुकलं.

चुकलेलं नाही. या बोलीत 'तो जाते', 'ती जाते' असं दोघांना एकच रूप चालतं.

गैरसमज : 'राहणार सावरगाव' म्हणजे पुढे राहायला जाणार.

बातमीतला 'रा. सावरगाव' हा त्याचाच संक्षेप. इथे 'राहणार' भविष्यकाळ नाही, अर्थ 'रहिवासी'. तो माणूस तिथे जन्मापासून राहत असेल. (पत्त्यातला 'मु.' म्हणजे मुक्काम, तोही पिढ्यान्‌पिढ्यांचा असू शकतो.)

गैरसमज : 'रहाणे' आणि 'राहणे' दोन्ही चालतं.

बोलताना खुशाल काहीही म्हणा. प्रमाणलेखनाच्या नियमांप्रमाणे मात्र 'राहणे', 'पाहणे', 'वाहणे' हीच रूपं. सवलत फक्त आज्ञार्थाला, म्हणजे 'राहा' किंवा 'रहा' दोन्ही चालतं. आडनाव रहाणे असेल, तर त्याला हा नियम लावायला जाऊ नये.