‘गाडी सोडली’ म्हणजे नेमके काय केले?

सहा वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या एका घरात मला एक जुनी वही पाहायला मिळाली. घरातल्या कोणा पूर्वजाने सिंहस्थाच्या यात्रेत ठेवलेले ते टिपण होते. अक्षर मोडी, अर्धीअधिक पाने वाळवीने खाल्लेली. शहापूरकडून निघालेले हे कुटुंब त्र्यंबकेश्वरी स्नानाला आले होते. वाटेतल्या एका मुक्कामाची नोंद अशी होती : ‘इगतपुरीस गाडी सोडली.’

कसारा ते इगतपुरी हा घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. वही त्यानंतरची आहे, हे तिच्यातल्या शकावरून स्पष्ट होते. मी लगेच अर्थ लावला की मंडळी आगगाडीने घाट चढून आली, इगतपुरीला उतरली आणि पुढे त्र्यंबकपर्यंत पायी गेली. एका छोट्या स्मरणिकेत मी तसे लिहूनही टाकले. वहीचे मालक आज पंच्याऐंशीचे आहेत, त्यांना मी काका म्हणतो. त्यांना फार आनंद झाला. आपले पूर्वज घाटातून आगगाडीने येणाऱ्या पहिल्या पिढीतले, असे त्यांनी नातवंडांना सांगितले आणि लेख चौकट करून भिंतीवर लावला.

गेल्या वर्षी तीच पाने पुन्हा वाचत होतो. वाळवीने कुरतडलेल्या पुढच्या ओळीतले दोन शब्द या वेळी लागले : ‘बैलांस कडबा’. आगगाडीला कोणी कडबा घालत नाही. ‘गाडी सोडली’ याचा अर्थ बैल जुवाखालून मोकळे केले, मुक्काम केला. मोडी मला बरी येते. चुकलो तो मराठीत.

या चुकीने मला वर्षभर एका शब्दाच्या मागे लावले. जो शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि ज्याचा अर्थ कोणी कोशात पाहायला जात नाही, तो म्हणजे ‘गाडी’.

आग, धूर आणि लोखंडाची वाट

‘गाडी’ हा शब्द रेल्वेहून कितीतरी जुना. प्राकृतातल्या ‘गड्डी’शी त्याचे नाते सांगितले जाते. ‘गाडा’ हा त्याचा थोरला भाऊ. मराठीत आकारान्त रूप मोठ्या वस्तूचे आणि ईकारान्त रूप लहान वस्तूचे, अशी जोडी पुष्कळदा दिसते : सुरा-सुरी, आरा-आरी, लोटा-लोटी. त्या हिशेबाने शेकडो टन वजनाचे हे वाहन ‘आगगाडा’ व्हायला हवे होते. पण तसे कोणी म्हटले नाही. ती पहिल्यापासून गाडीच.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिने. या नव्या वस्तूला मराठीत नाव हवे होते. नाव देताना माणसे एकतर तिच्या वाटेकडे पाहत होती, नाहीतर तिला ओढणाऱ्या शक्तीकडे. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे जे पुस्तक निघाले त्याचे नाव होते ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’. इथे नजर वाटेवर आहे. फ्रेंचांचे ‘शमँ द फेर’, जर्मनांचे ‘आयझेनबान’ आणि तेव्हा गोव्यात राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांचे ‘कामिन्यु द फेर्रु’ या सगळ्यांचा अर्थ हाच, लोखंडाची वाट.

सामान्य माणसाने मात्र आग पाहिली. मुंबईकरांना आगीच्या जोरावर चालणारे वाहन नवे नव्हते. ‘ह्यू लिंडसे’ नावाचे वाफेचे जहाज १८३० सालीच मुंबईहून सुएझला गेले होते. पाण्यावरची ती आगबोट आणि जमिनीवरची ही आगगाडी, अशी ही जोडी जमली. खेड्यापाड्यांत तिची अगीनगाडी झाली. गदिमांच्या मामाच्या गावाला नेणाऱ्या बालगीतामुळे ते रूप आजच्या मुलांनाही ठाऊक आहे.

आपल्या शेजाऱ्यांनीही असेच केले. गुजरातीत आगगाडीच. मल्याळममध्ये ‘तीवंडी’ : ‘ती’ म्हणजे आग, ‘वंडी’ म्हणजे गाडी. तमिळमध्ये ‘पुगैवंडी’ आणि तेलुगूत ‘पोगबंडी’, म्हणजे धुराची गाडी. कानडीत ‘उगिबंडी’, म्हणजे वाफेची. चिनी लोकांचा ‘हुओ छ’ हा शब्दही अक्षरशः आगीची गाडी असाच आहे.

आगगाडी मागे का पडली?

यावर सोपे उत्तर दिले जाते की आग गेली म्हणून शब्द गेला. हे उत्तर टिकत नाही. कल्याण ते इगतपुरी या मार्गावर १९३०च्या सुमारास विजेची इंजिने आली. म्हणजे कसारा घाटातली आग स्वातंत्र्याच्या आधीच विझली, तरी पुढची कितीतरी वर्षे लोक आगगाडीच म्हणत होते. चीनमध्ये आज ताशी तीनशे किलोमीटर वेगाने विजेवर धावणारी गाडीही ‘हुओ छ’च्या कुळातलीच मानली जाते. शब्द एकदा रुळला की त्याच्या पोटातला मूळ अर्थ कोणी तपासत बसत नाही.

मला कारण वेगळे वाटते. आधीचे विशेषण लागते ते घोटाळा टाळण्यासाठी. ज्या काळात नुसते ‘गाडी’ म्हटले की बैलांची गाडी डोळ्यांपुढे येई, तेव्हा ‘आग’ जोडणे भाग होते. रेल्वेच्या आसपासच्या गावांत पुढे प्रवास म्हणजे हीच गाडी, असे झाले. मग ‘आग’ गळून पडली आणि उलट जुन्या गाडीलाच आठवणीने ‘बैलगाडी’ म्हणावे लागले. आगगाडी हरली नाही. ती जिंकून नुसती ‘गाडी’ झाली.

मग ‘रेल्वे’ या शब्दाचे काय? तो मराठीत तीन अर्थांनी राहतो. ‘रेल्वेत लागला’ म्हणजे नोकरी मिळाली, तिथे रेल्वे म्हणजे खाते. ‘रेल्वेच्या पलीकडे राहतो’ म्हणजे रूळ. ‘रेल्वेने आलो’ म्हणजे साधन, एसटीने किंवा विमानाने नव्हे. पण एखादी विशिष्ट, ठरल्या वेळेची गाडी मनात असली की ‘रेल्वे’ अडखळते. ‘रेल्वेने आलो’ आपण सहज म्हणतो, ‘माझी रेल्वे चुकली’ असे क्वचितच. तिथे ‘गाडी’च हवी. स्टेशनवरची घोषणाही ‘गाडी क्रमांक’ असेच म्हणते. साधनाचे नाव रेल्वे आणि आपण जिची वाट पाहतो ती गाडी, अशी ही वाटणी आहे. ती कोणी शिकवलेली नाही, तरी सगळे पाळतात.

क्रियापद काय सांगते?

माझी चूक समजून घ्यायची तर नामाइतकेच क्रियापदाकडे पाहावे लागते. ‘सोडणे’ घ्या. बैलगाडीवाल्याने गाडी सोडली म्हणजे ती थांबली. रेल्वेने सणासाठी जादा गाड्या सोडल्या म्हणजे त्या चालू झाल्या. गर्दी पाहून प्रवाशाने गाडी सोडली म्हणजे ती गेली आणि तो फलाटावर राहिला. आणि इगतपुरीला गाडी सोडली याचा, मी घेतला तसा, ‘उतरलो’ हा अर्थही होऊ शकतो. एकाच क्रियापदात थांबणे, निघणे, न चढणे आणि उतरणे! ‘सुटणे’ही तसेच. सुटलेली बैलगाडी झाडाखाली उभी असते आणि सुटलेली आगगाडी फलाटाबाहेर गेलेली असते.

‘लागणे’ त्याहून मजेशीर. गाडी फलाटाला लागते. एखाद्याला घाटात गाडी लागते, तेव्हा त्याला लिंबू हुंगायला द्यावे लागते. पहिल्या अर्थातही एक बारकावा आहे. मनमाडचा प्रवासी ‘पंचवटी लागली’ म्हणतो, कारण पंचवटी एक्सप्रेस तिथून निघते. तीच गाडी नाशिकरोडला ‘येते’, लागत नाही. जिथून गाडी सुरू होते तिथेच ती लागते. एका क्रियापदावरून बोलणारा कोणत्या स्टेशनात उभा आहे, ते कळते.

नाशिकची अडचण

नाशिकमध्ये हा गोंधळ जरा जास्तच, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. लोहमार्ग शहरातून गेला नाही. गोदाकाठच्या जुन्या नाशिकपासून स्टेशन आठ-नऊ किलोमीटर दूर. त्या भोवती वाढलेल्या वस्तीचे नावच नाशिकरोड पडले, आणि आजही जुनी माणसे ‘रोडला जाऊन येतो’ म्हणतात. त्यामुळे इथला प्रत्येक रेल्वेप्रवास दुसऱ्या एका गाडीने सुरू होई : बैलगाडीने, टांग्याने, आणि १८८९च्या सुमारास सुरू झालेल्या घोड्यांच्या ट्रामनेही. काही दशके चालून ती ट्राम बंद पडली, टांगेही गेले. पण जुन्या नाशिककरांच्या हिशेबवह्यांत ‘गाडीभाडे’ असा शब्द दिसला की संशोधकाने जरा थांबावे. ते रेल्वेचे तिकीट नसून स्टेशनपर्यंतचे टांग्याचे भाडे असू शकते.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नाशिकच्या मराठीला आणखी एक कोडे मिळाले. पंचवटी ही गोदावरीच्या डाव्या तीरावरची वस्ती, आणि पंचवटी ही मुंबईला नेणारी गाडी. तरी नाशिककर गोंधळत नाही, कारण विभक्ती त्याच्या मदतीला येते. ‘पंचवटीला गेलो’ म्हणजे रामाच्या दर्शनाला. ‘पंचवटीने गेलो’ म्हणजे मुंबईला. ‘पंचवटीत भेटला’ म्हटले की मात्र विचारावे लागते, देवळाजवळ की डब्यात? गोदावरी आणि तपोवन या गाड्यांचेही असेच. बाहेरगावच्या माणसाला हे कोडे वाटेल, पण पास काढून रोज मुंबईला जाणाऱ्यांच्या घरात लहान मुलेसुद्धा हे प्रत्यय अचूक लावतात.

आताची गाडी

आता शब्द पुन्हा कूस बदलतो आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतणीचा घरी निरोप आला : ‘गाडी घसरली. मी ठीक आहे. उशीर होईल.’ ती सकाळी मुंबईला जायला निघाली होती. माझ्या आईने देवापुढे दिवा लावला, दूरदर्शन सुरू केले आणि अपघाताची बातमी शोधू लागली. पुतणीचा फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला. स्टेशनला जाताना ओल्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली होती, गुडघा खरचटला होता, एवढेच. आईच्या ऐंशी वर्षांच्या मराठीत गाडी रुळावरून घसरते. पुतणीच्या मराठीत गाडी म्हणजे जिची किल्ली आपल्या खिशात असते ती. पुतणी रेल्वेला ‘ट्रेन’ म्हणते. दोघींचीही मराठी बरोबर आहे, फक्त मधल्या पन्नास वर्षांत ‘गाडी’चा मालक बदलला. शेतकऱ्याच्या अंगणातून ती स्टेशनात गेली आणि स्टेशनातून पुन्हा आपल्या दारात येऊन उभी राहिली.

म्हणून जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांना, आणि घरातल्या पेट्यांत अशा वह्या जपून ठेवणाऱ्यांना, माझ्या चुकीतून निघालेली एक गोष्ट सांगतो. ‘गाडी’ दिसली की तिच्या आजूबाजूला पाहा. कडबा, वंगण, जू, मुक्काम असे शब्द असतील तर ती बैलांची. तिकीट, डबा, फलाट, ठेसन असेल तर ती रुळांवरची. आणि काहीच नसेल, तर निष्कर्षाची घाई करू नका. वाहन चुकले की प्रवासाचे दिवस चुकतात, खर्च चुकतो आणि माणसाची ऐपतही चुकीची ठरते. एका घराची आठवण आपल्या हातून खोटी होते, हे त्याहून वाईट.

दिवाळीच्या आधी मी काकांकडे गेलो आणि सगळे सांगितले. भिंतीवरच्या चौकटीकडे पाहत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अहो, म्हणजे आमचे लोक आगगाडीत बसलेच नाहीत?”

“त्या यात्रेला नाही, काका. कसारा घाट बैलांनी चढलाय.”

“आणि बैल कोणाचे?”

याचा विचार मी केला नव्हता. आम्ही दोघांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. पुलाचा कर, दक्षिणा, तेल, डाळ, कडबा, सगळ्या खर्चाच्या नोंदी होत्या. वाळवीने ठेवलेल्या पानांत गाडीभाड्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. बैलजोडी बहुधा घरचीच होती.

काकांनी चौकट खाली उतरवली, काच काढली आणि माझ्या लेखातली ती ओळ पेनाने खोडली. वर लिहायला काय सांगू, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “वहीत आहे तेच लिहा.”

त्यांनी लिहिले : ‘इगतपुरीस गाडी सोडली. बैलांस कडबा.’