मिरची किती तिखट, किती बाधक?

होळी झाली की पेण आणि रोह्याच्या बाजारात सुक्या लाल मिरचीच्या गोण्या उतरतात. गच्चीवर, अंगणात मिरच्या वाळू लागतात आणि वर्षाचा मसाला कुटून घेण्यासाठी डंकावर रांग लागते. रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका बसतो. याच दिवसांत माझ्याकडे हाताची आग होणारे आणि छातीत जळजळणारे रुग्ण वाढतात. म्हणून आज मिरचीविषयी थोडेसे.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. ते बियांत असते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात ते तयार होते; बियांना ते नुसते लागते. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने ते मोजण्याची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केल्यावर जिभेला तिखट लागत नाही, तो त्या मिरचीचा आकडा. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. बेडगीचा साधारण दहा हजारांच्या आसपास, तर गुंटूरच्या मिरचीचा तीस-चाळीस हजार. आसामकडील भूत जोलोकियाने दहा लाखांचा आकडा ओलांडून २००७ साली गिनीज बुकात नाव नोंदवले!

लाल रंग म्हणजे तिखटपणा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कर्नाटकातील ब्याडगी गावावरून नाव पडलेली सुरकुतलेली बेडगी रंगाला भरपूर, पण तिखटाला बेताची. लवंगी लहानशी, पण जहाल. म्हणूनच आपल्या गृहिणी रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी आणि झणक्यासाठी संकेश्वरी किंवा लवंगी असे मिश्रण करतात. घरात मूळव्याधीचा किंवा आम्लपित्ताचा रुग्ण असेल तर बेडगीचे प्रमाण वाढवावे. रंग तोच राहील, त्रास कमी होईल.

तिखट खाल्ल्यावर तोंड खरोखर भाजत नाही. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना कॅप्सेसिन फसवते आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. हे गूढ १९९७ साली उकलणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे. देठे खुडताना हाताची आग झाली तर आधी खोबरेल तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. तोवर डोळ्याला आणि लहान मुलांना हात लावू नये. डोळ्यात मात्र तेल घालू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा.

मिरचीमुळे जठरात व्रण होतो ही समजूतही चुकीची आहे. बहुतेक व्रणांचे मूळ एका जिवाणूत किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरात असते. तो जिवाणू शोधणारे मार्शल आणि वॉरन २००५ सालच्या नोबेलचे मानकरी ठरले. मिरची असलेली जळजळ वाढवते, हे मात्र खरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी रोह्याच्या बाजूचे एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे सकाळी आले. रात्री सुक्या बोंबलांचे झणझणीत कालवण जेवले आणि छातीत जळजळू लागले. अंगाला दरदरून घाम आला. "डॉक्टर, मसाला यंदा तिखट झालाय, तोच बाधला असेल म्हणून मी यांना सोडा दिला," त्यांची पत्नी सांगत होती. कार्डिओग्राम काढला तो हृदयविकाराचा झटका निघाला. ते वाचले, पण रात्रभर वाट पाहिल्यामुळे हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. त्या माउलीचा काय दोष? मिरचीवर संशय घेणे सोपे असते.

म्हणून वाचकहो, जळजळीबरोबर घाम, दम, हातात किंवा जबड्यात कळ असेल, छातीवर दडपण वाटत असेल, तर सोडा आणि थंड दूध यांत वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि लगेच रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जपावे.

एरवी मिरची बेताने जरूर खावी. मसाला मात्र पूर्ण वाळलेल्या मिरचीचाच करावा आणि पावसाळ्यापूर्वी घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा. बुरशी आलेली मिरची कितीही महाग असली तरी फेकून द्यावी.