मेंढपाळाची काठी आणि बापाची छडी

छडीचा आणि विद्येचा संबंध जोडणारी म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. छडी आवरली की मूल बिघडते, अशा अर्थाचे एक वाक्य जगभरातील ख्रिस्ती कुटुंबांतही असेच परिचित आहे. ते बायबलमधील वचन असल्याचा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात त्याचे आजचे रूढ रूप सॅम्युअल बटलर या इंग्रज कवीच्या ‘ह्युडिब्रस’ या सतराव्या शतकातील उपहासकाव्यातून आले आहे, आणि तेथे विषय बालसंगोपनाचा नसून प्रेमवीराच्या थट्टेचा आहे. मात्र बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात त्याच्याशी मिळतीजुळती वचने आहेत, हेही खरे. त्या वचनांच्या आधारे मुलांवर हात उचलावा की नाही, यावर ख्रिस्ती समाजात आज गंभीर मतभेद आहेत.

दक्षिण आफ्रिकेत हा वाद थेट घटना न्यायालयापर्यंत पोहोचला. १९९६ च्या कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी आल्यानंतर १९६ खासगी ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. पालकांच्या संमतीने छडीची शिक्षा देणे हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असे तिचे म्हणणे होते. २००० साली न्यायालयाने ते अमान्य केले. पुढे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने घरातील माराला मिळणारे ‘वाजवी शिक्षा’ हे कायदेशीर संरक्षणही रद्द ठरविले. लक्षणीय बाब अशी, की हा एकमताचा निर्णय लिहिणारे तत्कालीन सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग हे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आणि धर्मोपदेशक म्हणून ओळखले जात.

तेव्हा हा झगडा श्रद्धा विरुद्ध कायदा एवढाच नाही. श्रद्धेच्या आतूनच छडीला विरोध करणारी एक विचारधारा आहे. तिचा युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे.

त्याची सुरुवात शब्दार्थापासून होते. नीतिसूत्रांत छडीसाठी ‘शेबेट’ हा हिब्रू शब्द आला आहे. हाच शब्द स्तोत्रसंहितेतील तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी येतो, आणि तेथे ती काठी भक्ताला धीर देते. मेंढपाळ काठीने हिंस्र पशूंना पिटाळतो आणि तिच्याखालून एकेक मेंढरू मोजून घेतो. ज्या मेंढरांसाठी त्याने ती हाती धरली, त्यांनाच तो तिने झोडपत नाही. त्याच वचनांत येणारा ‘मुसार’ हा शब्दही केवळ शिक्षेचा वाचक नाही. शिस्त आणि शिकवण हे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले आहेत.

अर्थात, शब्दार्थाने सगळा प्रश्न सुटत नाही. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात मुलाला काठीने मारण्याचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्याच ग्रंथात मूर्खाच्या पाठीसाठीही काठी सांगितली आहे, आणि म्हणून कोणी मूर्ख शेजाऱ्याला बडवत नाही. ‘अनुवाद’ या ग्रंथात तर बंडखोर मुलाला गावकऱ्यांनी दगडमार करून ठार करावे, असा नियम आहे. तो आज कोणताही ख्रिस्ती पालक पाळत नाही. म्हणजेच प्रत्येक वाचक निवड करतच असतो. मग ही निवड कोणत्या कसोटीवर करायची?

ख्रिस्ती माणसापुरते याचे उत्तर एकच असू शकते, आणि ते म्हणजे ख्रिस्ताचे वर्तन. शिष्य मुलांना अडवू लागले तेव्हा येशू शिष्यांवर रागावला आणि मुलांना त्याने जवळ घेतले, असे मार्कच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील बाप परतलेल्या मुलाचा हिशेब मांडत नाही. मुलाची कबुली पुरी होण्याआधीच तो त्याला मिठी मारतो. सर्वांत बोलकी आहे ती जक्कय या जकातदाराची कथा. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या या माणसाला येशू शिक्षा सुनावत नाही, तर त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. त्यानंतर जक्कय आपण होऊन अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपटीने परत करण्याचे वचन देतो. चुकीची भरपाई होते, पण तिच्यामागची प्रेरणा भीतीची नसते.

पौलाच्या पत्रांचा सूरही हाच आहे. रोमन समाजात बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता होती. अशा काळात पौल बापांना बजावतो, की मुलांना चिडीस आणू नका, त्यांचे मन खचू देऊ नका. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या शिक्षेची तुलना बापाने लावलेल्या शिस्तीशी केली आहे, हा विरोधकांचा ठेवणीतला मुद्दा. परंतु ते पत्र छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांना धीर देण्यासाठी लिहिलेले आहे. पालकांसाठी ती नियमावली नाही.

हा विचार आजच्या मानसशास्त्राकडून उसना घेतलेला आहे, असेही म्हणता येत नाही. चौथ्या शतकातील संत जॉन क्रिसोस्टम यांनी मुलाला माराची सवय लावू नये, असा सल्ला दिला होता. सवय झाली की मूल माराला जुमानत नाही. अकराव्या शतकातील संत अँसेल्म यांच्याकडे एका मठाधिपतीने तक्रार केली, की आश्रमातील मुलांना रात्रंदिवस मारले तरी ती सुधारत नाहीत. अँसेल्म यांनी त्याला विचारले, बागेतील रोपट्याला चहूबाजूंनी जखडून ठेवले तर त्याचा वृक्ष कसा होईल? नऊशे वर्षांपूर्वीच्या या प्रश्नाला आता संशोधनाचाही आधार मिळाला आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी सुमारे १ लाख ६० हजार मुलांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात माराचा संबंध मुलांची आक्रमकता आणि मानसिक त्रास वाढण्याशी आढळला.

मारायचे नाही म्हणजे लाड करायचे, असा समज मात्र चुकीचा ठरेल. चार वर्षांच्या मुलाने बहिणीला चापट मारली तर त्याचा हात धरून त्याला थांबवलेच पाहिजे. फक्त ‘मारायचे नसते’ हे मारून शिकवता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याची काच फोडली तर त्याने जाऊन माफी मागावी आणि खाऊच्या पैशांतून भरपाईला हातभार लावावा. आईवडील सोबत जातील, पण त्याची जबाबदारी स्वतःवर घेणार नाहीत. हा मार्ग छडीपेक्षा सोपा नाही. त्याला वेळ लागतो, आणि स्वतःच्या रागाला लगाम घालावा लागतो.

१९७९ मध्ये स्वीडनने घरातील मारासही मनाई केली. असे करणारा तो पहिला देश होता; आज अशा देशांची संख्या साठहून अधिक आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, पण घराच्या उंबरठ्याआत हा निर्णय अजून आईवडिलांच्या विवेकावरच सोपवलेला आहे. ख्रिस्ती पालकांपुढे तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. देवाला ते पिता म्हणतात. पिता या शब्दाचा अर्थ मूल प्रथम घरातल्या बापाकडूनच शिकते. त्या शब्दासरशी मूल अंग चोरून घेते की धावत जवळ येते, यावर त्याच्या मनातील देवाची प्रतिमाही बऱ्याच अंशी ठरत असते.