संगणकावरची रोजकीर्द

रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडत नाहीत. तिची उलट नोंद करतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेल्या ‘गिट’ या प्रणालीतील ‘रिव्हर्ट’ ही आज्ञाही हेच करते: जुना बदल पुसत नाही, त्याला रद्द करणारा नवा बदल नोंदवते. डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर घडविणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येक लहान बदल कारणासह लगेच नोंदवावा. डेस्कटॉपला बॅटरी नसते. वीज गेल्यास न साठवलेले काम जाते, म्हणून यूपीएस जोडावा. डिस्क बिघडली तर तिच्यावरील नोंदीही जातात. यास्तव दिवसअखेर त्या दूरच्या सर्व्हरवर ‘पुश’ कराव्यात. मेळ घातल्याशिवाय पेढी बंद होत नाही. संगणकही होऊ नये.