योजना कागदावर उत्तम, मग वृद्धांपर्यंत का पोहोचत नाही?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी हॉस्पिटल. इंग्लंडमध्ये मात्र वृद्ध माणसे कायमची राहतात आणि जिथे त्यांची दिवसरात्र देखभाल होते, ती ही संस्था. तिथल्या अनेकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असतो. त्यांच्यासाठी चांगले कार्यक्रम तयार आहेत. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा.

ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड यांच्या विचारातून 'डिमेन्शिया केअर मॅपिंग' ही पद्धत घडली. प्रशिक्षित कर्मचारी काही तास बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतो: समोरची व्यक्ती काय करते आहे, तिची मनःस्थिती कशी आहे, तिच्याशी कोणी कसे बोलले. मग सगळे कर्मचारी मिळून सुधारणा ठरवतात.

इंग्लंडमधील 50 संस्थांमध्ये या पद्धतीची मोठी चाचणी झाली. 2020 मध्ये अहवाल आला. वृद्धांच्या अस्वस्थतेत फरक पडला नव्हता. मग पद्धतच निकामी म्हणायची का? थोडे थांबा. ज्या संस्थांनी ती राबवायची होती, त्यांनी तीन फेऱ्या करणे अपेक्षित होते. पहिल्या फेरीत बाहेरचा तज्ज्ञ मदतीला होता. त्यापुढे जाणाऱ्या संस्था जेमतेम पाव निघाल्या.

असे का झाले? कारणे संस्थेच्या घडणीत सापडतात. व्यवस्थापक बदलला की कार्यक्रम मागे पडतो. प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती नोकरी सोडून गेली की ज्ञानही तिच्याबरोबर जाते. माणसे कमी असतील तर आंघोळ, जेवण, औषधे यातच पाळी संपते. निरीक्षणाला वेळ कुठून आणणार? वरिष्ठांनी वेळ राखून दिला नाही, तर नवे काम म्हणजे फक्त जादा ओझे.

याउलट 'व्हेल्ड' हा कार्यक्रम पाहा. 69 संस्था, 847 डिमेन्शियाग्रस्त व्यक्ती, कालावधी नऊ महिने. प्रत्येक ठिकाणचे निवडक कर्मचारी तयार केले गेले आणि प्रशिक्षक त्यांच्या पाठीशी राहिले. व्यक्तीच्या आवडीनिवडी जाणून आठवड्याला सुमारे एक तास गप्पा, सोबत, उपक्रम. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जीवनमान सुधारलेले आणि अस्वस्थता घटलेली दिसली. दोन्ही कार्यक्रम वेगळे, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण एकदा प्रशिक्षण देऊन निघून जाण्याने भागत नाही, एवढे नक्की.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर दोष 'आळशी कर्मचाऱ्या'चा नसतो. हे काम करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात, पगार कमी आणि कष्ट भरपूर. त्यांना टिकवून न ठेवणारी संस्था कोणतीही योजना टिकवू शकत नाही. सेवा करणाऱ्याची प्रतिष्ठा आणि सेवा घेणाऱ्याची प्रतिष्ठा एकाच धाग्यात बांधलेल्या आहेत.

आपल्या देशात 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तिथे इमारत आणि खाटांबरोबर माणसांचाही हिशेब मागायला हवा. आपले अनेक तरुण कार्यकर्ते जयंतीला वृद्धाश्रमात फळवाटप करतात. ते जरूर करावे. पण त्याच वेळी चार प्रश्नही विचारावेत: एका पाळीत किती कर्मचारी असतात? वर्षभरात किती जण सोडून गेले? त्यांना पगार वेळेवर मिळतो का? आणि मागच्या वर्षी सुरू केलेला उपक्रम आज चालू आहे का?

फळे त्या दिवशी संपतात. या प्रश्नांची उत्तरे बदलली, तर उरलेले 364 दिवस बदलतात.