मुंबईच्या आडव्या वाटा

दर भाऊबीजेला वडील आम्हाला घेऊन घाटकोपरहून अंधेरीला आत्याकडे जायचे. नकाशात पाहिले तर अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, पण जायच्या वाटा दोनच. एक ३४० नंबरची बस. ती साकीनाक्याला अडकली की कधी सुटेल याचा भरवसा नाही. दुसरी वाट लोकलची. दादरला उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेची गाडी धरून पुन्हा वर अंधेरीला यायचे. शेजारच्या उपनगरात जायला आधी दक्षिणेला उतरायचे! वडील बहुतेक वेळा दादरचीच वाट धरत. ‘‘लांब पडते, पण किती वाजता पोचू ते तरी सांगता येते,’’ असे म्हणत.

या द्राविडी प्राणायामाचे मूळ कापसात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी निघाली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. तिचे लक्ष घाटापलीकडच्या कापसावर होते. गुजरातेतला कापूस आणणारी बॉम्बे-बडोदा कंपनी वेगळी. तिची विरारहून पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये सुटली. दोघींनाही बंदर गाठायचे होते. त्यामुळे रूळ उत्तरेकडून येऊन दक्षिणेच्या टोकाला पोचले. त्या दोन मार्गांच्या मधे राहणारी माणसे एकमेकांकडे कशी जाणार, हा प्रश्न मालगाडीला पडत नसतो. वर मधोमध विहार आणि पवईचे तलाव, त्यापलीकडे बोरिवलीचे जंगल. खाली मिठी नदी. रस्त्यालाही मोकळी जागा नव्हती. पुढे रुळांच्या आजूबाजूला वस्ती वाढत गेली आणि शहर लांबच लांब होत गेले.

बाहेरगावाहून येणाऱ्यालाही हे लगेच जाणवते. पुण्याहून डेक्कन क्वीन १९३० पासून येते, कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. दोन्हीकडच्या गाड्या मध्य रेल्वेवरून येतात. बोरिवली-दहिसरला कोकणी माणसांची किती घरे! पण त्यांनी बोजे घेऊन दादरला किंवा ठाण्याला उतरायचे आणि मग पश्चिमेकडे सरकायचे. वसईमार्गे वांद्रे-मडगाव गाडी सुरू व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला, आणि तीही आठवड्यातून दोनदा. मला हा उशीर आजही सलतो.

दादरचा पूल नीट पाहायचा असेल तर सकाळी नऊला जिन्याच्या कडेला उभे राहावे. वरून उतरणारा आणि खालून चढणारा लोंढा एकमेकांत शिरतात. फुलांच्या पाट्या घेतलेल्या बायका भिंतीला चिकटून चढतात. कुणी पायरीवर क्षणभर थांबले तर मागून लगेच ‘‘चलो, आगे चलो’’ ऐकू येते. एकाच स्थानकात दोन रेल्वे आणि दोन ‘एक नंबर’चे फलाट, हा घोळ डिसेंबर २०२३ पर्यंत होता. आता पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात, मध्य रेल्वेचे आठ ते चौदा. साधी गोष्ट, पण सामान आणि लहान मूल घेऊन नव्याने आलेल्या माणसाला तिने केवढा दिलासा दिला!

परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, यांना जोडणारा पूलही असाच. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, पण जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, भर पावसात, त्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. आडव्या वाटेची हेळसांड म्हणजे काय, ते त्या दिवशी शहराने पाहिले. पुलाची रुंदी ही मी तेव्हापासून जिवाची बाब मानतो.

म्हणूनच ८ जून २०१४ या तारखेला माझ्या लेखी फार मोल आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो पूर्व-पश्चिम धावली. ११.४ किलोमीटर, बारा स्थानके. कुलाबा-सीप्झ मार्गिकेचे कौतुक जास्त झाले, आणि ते रास्त आहे. ३३.५ किलोमीटरची ती भुयारी वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली, काळबादेवी-गिरगावाला दाराशी मेट्रो मिळाली. पण तिचा ओघ पुन्हा उत्तर-दक्षिणच. तिचे खरे बळ मरोळ नाक्याला आहे, जिथे ती पहिल्या मेट्रोला छेदते. लोखंडवाला-विक्रोळी मार्गिका आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता यांची कामे चालू आहेत. नव्या लांब पुलांच्या आधी मी या दोन आडव्या वाटा मागेन.

२०१४ च्या भाऊबीजेला आम्ही मेट्रोने निघालो. वडील खिडकीशी उभे होते. साकीनाक्याला खाली बसगाड्यांची रांग लागलेली. ती मागे पडेपर्यंत ते मान वळवून बघत राहिले. घाटकोपर ते अंधेरी वीस मिनिटेही लागली नाहीत. आत्याने दार उघडले तेव्हा तिचे हात पिठाचे होते.

‘‘अगं बाई, एवढ्यात? निघालास तरी कधी दादा?’’ म्हणाली. निरांजनात अजून तूपही घातलेले नव्हते.